उसनं गाणं, आपलं वाद्य

कामिल सां-साँस या फ्रेंच संगीतकारानं १८८६ साली ‘प्राण्यांचा कार्निव्हल’ नावाची गमतीची रचना केली. तिच्यात चेलोच्या वाट्याला राजहंस आला आणि डबल बासच्या वाट्याला हत्ती. राजहंसाची धून संथ, लांबलचक, गळ्यातून निघाल्यासारखी. हत्तीच्या तुकड्यातली मेख वेगळीच आहे. त्यातल्या दोन सुरावटी चक्क उचललेल्या आहेत, एक बर्लिओझच्या वायुपऱ्यांच्या नाचातली आणि दुसरी मेंडेल्सनच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मधली. मुळात दोन्ही अगदी तरल. सां-साँसनं त्या खर्जात उतरवून डबल बासच्या हाती दिल्या आणि लोक हसले. हे वाद्य असलं काही वाजवायला जन्मलेलं नाही, हे त्या हसण्यात गृहीत होतं. आज जगभरचे डबल बासवादक राजहंसाचीच धून मैफलीत वाजवतात आणि ती कोणाला विनोदी वाटत नाही. चेलोसाठी लिहिलेलं बाकीचं पुष्कळ संगीतही ते वाजवतात.

पुण्याच्या मैफलींत डबल बास क्वचितच दिसतो. पण एका वाद्याचं, किंवा गळ्याचं, संगीत दुसऱ्या वाद्यावर नेण्याचा प्रश्न या शहराला परका नाही. पुणेकर श्रोता वाद्यावर खूष झाला की म्हणतो, ‘काय गातंय!’ मग समोर बासरी असो, सतार असो की पेटी. या शहरात एका वादकाच्या कार्यक्रमाचं नावच ‘गाणारं व्हायोलिन’ होतं आणि त्यावर कोणी भुवई उंचावली नाही. तेव्हा डबल बासवाल्यांची चेलोकडची उसनवारी आणि आपल्या पेटी-व्हायोलिनवाल्यांची गळ्याकडची उसनवारी शेजारी ठेवून पाहायला हरकत नाही. उसनं घ्यावं की नाही, हा वाद मला फारसा कामाचा वाटत नाही. घेताना काय सोडलं आणि सोडलेल्याच्या जागी काय ठेवलं, हे पाहण्यात खरी गंमत आहे.

आधी डबल बासची अडचण. चेलोच्या चार तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरानं मिळवतात, डबल बासच्या मध्यमाच्या. म्हणजे चेलोवर सा-प-रे-ध करत जाणारा हात बासवर आला की त्याची सगळी भूमिती मोडते. तारेचा वाजणारा भाग चेलोवर साधारण ६९ सेंटिमीटर, बासवर १०५च्या आसपास. चेलोवादक हात न हलवता एका तारेवर चार बोटांनी चार लागोपाठचे स्वर घेतो. बासवर मानेजवळ तेवढ्याच ताणात तीन मिळतात, त्यामुळे हात सतत वरखाली धावत राहतो. चेलोची सर्वांत वरची मोकळी तार २२० हर्ट्झला बोलते, बासची ९८ला. चेलोवर बोट न लावता मिळणारा तो स्वर बासवर काढायचा तर निम्म्या तारेच्याही पलीकडे जाऊन अंगठा तारेवर आडवा ठेवावा लागतो. चेलोसाठीची सुरावट मूळ उंचीवरच वाजवायची म्हटली की वादकाचा मुक्काम याच अवघड मुलखात.

दुसरी वाट म्हणजे सगळं एक सप्तक खाली वाजवायचं. हात मोकळा होतो, पण कान अडकतो. मधल्या सप्तकात षड्ज आणि गांधार एकत्र वाजले की गोड वाटतात. तेच दोन स्वर अतिखर्जात एकत्र घेतले की नुसता गुरगुराट होतो. बाखच्या पहिल्या चेलो सूटची, म्हणजे नृत्यतुकड्यांच्या मालिकेची, सुरुवात चेलोवर इतकी सहज वाटते, कारण तिथले तीन मुख्य स्वर तीन शेजारशेजारच्या तारांवर आहेत आणि त्यातल्या दोन तारा मोकळ्या वाजतात. मोकळ्या तारांची आस त्या संगीताच्या अंगातच आहे. बासवर ही मांडणी जशीच्या तशी बसत नाही. म्हणून कोणी सगळा सूटच दुसऱ्या पट्टीत नेतो, कोणी तारा एक स्वर चढवून घेतो. कॅनडाचे जोएल क्वारिंग्टन यांनी तर बास चेलोसारखा पंचमांत मिळवायला घेतला, चेलोच्या बरोबर एक सप्तक खाली. अमेरिकेचे जॅझवादक रेड मिचेल यांनी आधीच ती वाट धरली होती.

शुद्धतावादी इथे म्हणतात की बाखनं चेलोसाठी लिहिलं, ते चेलोवरच राहू द्या. पण ‘चेलोसाठी’ हे तरी कितपत ठाम आहे? हे सहा सूट १७२०च्या सुमारचे. बाखच्या हातची प्रत शिल्लक नाही. आपल्यापर्यंत पोचलेली मुख्य प्रत त्याची पत्नी ॲना मॅग्डालेना हिनं केलेली आहे. पाचव्या सूटमध्ये वरची तार एक स्वर उतरवायला सांगितलं आहे आणि सहावा तर पाच तारांच्या वाद्यासाठी आहे. आजचा चेलोवादक तो चार तारांवर वाजवतो तेव्हा तोही उसनवारीच करत असतो. शूबर्टनं १८२४ साली सोनाटा लिहिला तो आर्पेजिओने नावाच्या नव्या वाद्यासाठी, गिटारसारखे पडदे असलेलं आणि गजानं वाजणारं. ते वाद्य थोड्याच वर्षांत विस्मरणात गेलं, सोनाटा मात्र उरला. आज तो चेलोचा म्हणून ओळखला जातो, व्हायोलावर वाजतो आणि डबल बासवरही. सेझार फ्रांकचा व्हायोलिन सोनाटाही झ्यूल देल्सारनं चेलोसाठी बसवला आणि चेलोवाल्यांनी तो आपलासा केला. सावकार स्वतःच कर्जात असला की वसुलीचा आवाज जरा खाली येतो.

बासला स्वतःचं काही नव्हतं, असंही नाही. अठराव्या शतकात व्हिएन्नाच्या डिटर्सडोर्फ आणि वानहाल यांनी त्याच्यासाठी कॉन्चेर्टो लिहिले. इटलीचा जोव्हान्नी बोत्तेसिनी (१८२१–१८८९) हा तर बासवरचा चमत्कारच. व्हेर्दीच्या ‘आयदा’चा कैरोमधला १८७१चा पहिला प्रयोग त्यानंच संचालित केला. हा माणूस तीन तारांच्या बासवर काय वाजवायचा? बेल्लिनी आणि दोनिझेत्तीच्या ऑपेरांतल्या गाण्यांवर रचलेल्या फँटसी. गायिकांच्या गळ्यातलं गाणं उचलून जड लाकडातून काढायचं. आपल्याकडे याला गायकी अंग म्हणतात आणि बोत्तेसिनी मुंबई-पुण्यात जन्मता तर नाट्यपदं वाजवता, याबद्दल मला शंका नाही.

मराठी मुलखात व्हायोलिन आलं तेव्हा त्याची अवस्था बासपेक्षाही बिकट होती, कारण हिंदुस्थानी संगीतात त्याचं स्वतःचं असं काहीच नव्हतं. दक्षिणेत ते आधी रुजलं. बाळुस्वामी दीक्षितरांचं (१७८६–१८५९) नाव त्यासाठी घेतात. उत्तरेकडच्या संगीतात ते शिरलं ते रिकाम्या हातानं. त्याला दोन दारं उघडी होती, सतार-सरोदची गतकारी किंवा गळ्याची गायकी. मौज अशी की या दोन वाटांवर एकाच आडनावाचे दोन नामवंत सापडतात. विष्णु गोविंद जोग (१९२२–२००४) अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडेही शिकले. त्यांच्या वादनात तंतकारीचा हिसका, लयीची छेडछाड, बिस्मिल्ला खाँबरोबरच्या जुगलबंदीतली चकमक. दुसरे पुण्याचे प्रभाकर जोग. त्यांच्याकडे पुन्हा येतो.

गायकीच्या वाटेवर महाराष्ट्राची गर्दी जास्त. गजाननराव जोशी (१९११–१९८७) अंतुबुवांचे चिरंजीव, औंध संस्थानच्या गायनपरंपरेतले. ते गवई म्हणूनही मोठे आणि व्हायोलिनवादक म्हणूनही. अशा माणसाच्या हातून ख्याल गजावर येतो तेव्हा तो उसना आणलेला नसतो, घरातल्या घरात एका खोलीतून दुसरीत नेलेला असतो. गोव्याचे श्रीधर पार्सेकर १९६४ साली अकाली गेले. दा. के. दातार (१९३२–२०१८) विघ्नेश्वरशास्त्रींकडे शिकले आणि द. वि. पलुसकरांच्या गाण्याचा संस्कार त्यांच्या वादनावर उघड ऐकू येतो. तिकडे बनारसला एन. राजम यांनी ओंकारनाथ ठाकुरांची गायकी व्हायोलिनवर आणली. वाद्य धरायची पद्धतही या सगळ्यांनी बदलून घेतलेली: मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकवायचं, तारा षड्ज-पंचमात मिळवायच्या. पाश्चात्य पद्धतीत डाव्या हाताला हनुवटीबरोबर वाद्यही सांभाळावं लागतं. इथे तो हात पूर्ण सुटतो आणि मींड घ्यायला एकच बोट तारेवरून हवं तितकं घसरू शकतं. उसनं संगीत पेलण्यासाठी वाद्याला हात न लावता वादकानं आपली बैठक बदलली. मला हा सगळ्यात शहाणा तोडगा वाटतो.

गळ्यातून व्हायोलिनवर येताना पहिली गळती शब्दांची. बोलआलापात गवई बंदिशीच्या अक्षरांशी खेळतो. गजाला अक्षरच नाही. चांगला वादक ते ओळखतो आणि बोलतानेच्या जागी गजाच्या आघातांचे लयबंध उभे करतो. जो ओळखत नाही तो विलंबित ख्यालाची नुसती बाह्यरेषा वाजवत राहतो आणि वीस मिनिटांत सभागृहात कुजबुज सुरू होते.

प्रभाकर जोगांनी नेमका हाच प्रश्न उलटा सोडवला. सुधीर फडक्यांचे ते साथीदार. गदिमा आणि फडके यांचं ‘गीत रामायण’ पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६मध्ये आठवड्याला एक अशा ५६ गाण्यांनी घराघरांत गेलं आणि पुढे फडक्यांच्या मंचीय कार्यक्रमांत जोगांचं व्हायोलिन असे. जोग स्वतः संगीतकारही होते. ‘स्वर आले दुरुनी’ची चाल त्यांचीच. एकट्या व्हायोलिनवर ते भावगीतं वाजवू लागले तेव्हा लोक म्हणत, शब्द ऐकू येतात! यात जादू कमी आणि कारागिरी जास्त. गायक ज्या अक्षरावर जोर देतो तिथे गज पालटायचा, जोडाक्षराला गजाचा किंचित दाब द्यायचा, दोन शब्दांमधली बारीक फट राखायची, ओळीच्या शेवटचा दीर्घ स्वर गायक जसा विरवतो तसाच विरवायचा. उरलेलं काम ऐकणाऱ्याचं. शब्द खरं तर त्याच्या डोक्यात असतात. व्हायोलिन त्यांना फक्त हाक मारतं. ज्याला मराठी येत नाही आणि जे गाणं ज्यानं कधी ऐकलं नाही, त्याला तेच वादन एक गोड धून म्हणून पोचेल, शब्द म्हणून नाही. २०२१ साली जोग गेले. ज्या पिढीच्या डोक्यात ती गाणी पाठ आहेत ती पिढीही आता ओसरतेय, तेव्हा या शैलीपुढचा अवघड प्रश्न हाच आहे.

बाखचा सूट बासवर ऐकणाऱ्याचंही असंच होतं. चेलोवरचा सूट कानात मुरलेला असेल तर बासवर जिथे गज तारा ओलांडताना क्षणभर अडखळतो, तिथे श्रोता मनातल्या मनात गाळलेली जागा भरतो. एडगर मायरनं एकविसाव्या शतकाच्या तोंडावर पहिला, दुसरा आणि पाचवा हे सूट बासवर ध्वनिमुद्रित केले. त्यातलं नृत्य जरा जडावतं, हे कबूल करायला हवं. पण साराबांदसारखा संथ तुकडा बासवर ऐकताना चेलो आठवत नाही. माझ्या मते वादकाच्या विवेकाची परीक्षा इथे आहे: सहांतले तीनच निवडले.

आता पेटी. या विषयातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात भांडका अध्याय हाच. १८४०च्या दशकात पॅरिसमध्ये दबँनं हार्मोनियमला रूप दिलं. १८७५च्या सुमारास कोलकात्याच्या द्वारकिन कंपनीनं हातभात्याची पेटी बनवली. आणि मराठी संगीत रंगभूमीनं पायपेटी, ऑर्गन, हातपेटी सगळ्यांना घरात घेतलं. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला कादरबक्षांची सारंगी आणि शेजारी ऑर्गन, असं दोन्ही एकत्र नांदत होतं. गळ्याची साथ करायला सारंगीइतकं जवळचं वाद्य नाही. तरी सारंगी मागे पडली आणि पेटी पुढे आली. ती मिळवायला सोपी, हवामानानं लगेच बिघडत नाही, शिकायला कमी वर्षं लागतात आणि सारंगीला नाचगाण्याच्या कोठ्यांशी जोडणारा मध्यमवर्गीय नाकमुरडेपणा तिच्या वाट्याला आला नाही. कलेच्या इतिहासात असल्या कारणांचं वजन आपण समजतो त्याहून जास्त असतं.

पण सारंगीची जागा घेतली म्हणजे सारंगीचं कामही घेतलं, आणि इथेच पंचाईत. पेटीच्या सूरपट्ट्या धातूच्या, ठरलेल्या. दोन पट्ट्यांच्या मधे काही नाही. मींड नाही, आंदोलन नाही, दरबारीचा गांधार नाही. रवींद्रनाथ ठाकुरांना पेटी खपत नसे. रेडिओवर पाश्चात्य संगीताची जबाबदारी असलेले जॉन फोल्ड्स यांनीही तिच्याविरुद्ध लिहिलं आणि १९४०मध्ये ऑल इंडिया रेडिओनं तिला बंदी घातली. ती उठायला साधारण तीस वर्षं गेली आणि एकलवादनाला तर त्यानंतरही बराच काळ दार बंद होतं. गंमत म्हणजे त्याच काळात रेडिओवर गाणाऱ्या बहुतेक गवयांच्या घरी रियाजाला पेटीच होती.

आक्षेप खरा होता, निष्कर्ष चुकीचा. पेटीवाल्यांनी मींडेची उणीव मान्य केली आणि तिच्या आजूबाजूनं वाट काढली. सुटणाऱ्या पट्टीवर बोट क्षणभर रेंगाळू द्यायचं आणि तेवढ्यात पुढची पट्टी दाबायची, म्हणजे दोन स्वरांचा सांधा झाकला जातो. मधल्या स्वरांचा निसटता कण लावायचा. जिथे गवई स्वर हलवतो तिथे खटका किंवा मुरकी ठेवायची. भात्याचा दाब कमीजास्त करून आवाजाला चढउतार द्यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, थांबायचं कुठे ते ठरवायचं. गवयाचा लावून धरलेला षड्ज ऐकत राहावासा वाटतो, कारण तो आतून सतत जिवंत असतो. पेटीवर तोच षड्ज धरून ठेवला तर दोन आवर्तनांत कारखान्याचा भोंगा होतो.

या कलेचे मूळपुरुष गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५), कोल्हापूरचे. ‘मानापमान’ला १९११मध्ये चाली देणारे तेच. पेटीची रीतसर तालीम त्यांना जवळजवळ नव्हतीच. देवल क्लबमधलं ऐकणं, भास्करबुवा बखल्यांचा सहवास आणि अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीचा ध्यास एवढ्यावर त्यांनी पेटी बोलती केली. म्हणजे पेटी त्यांनी पेटीवाल्याकडून घेतलीच नाही. पुढे पी. मधुकर आले, त्यांचे शिष्य गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर; नाट्यसंगीतात गोविंदराव पटवर्धन; बेळगावात रामभाऊ विजापुरे; पुण्यात आप्पा जळगावकर, ज्यांच्या साथीवर भीमसेनांसारखे गवई निर्धास्त असत. पुण्याचेच अरविंद थत्ते गणितातले डॉक्टर. गोविंदराव पटवर्धनांचे शिष्य डॉ. विद्याधर ओक यांनी तर वाद्यालाच हात घातला आणि बावीस श्रुती देणारी पेटी घडवली. ही वाट क्वारिंग्टनच्या पंचमी बासच्या जातीची. वाद्य बदललं की उसनं संगीत सोपं होतं, पण प्रत्येक नव्या वादकाला तेच बदललेलं वाद्य घ्यावं लागतं. साध्या बारा पट्ट्यांवर झगडणाऱ्या आप्पांची वाट कठीण असूनही पुढच्या पिढीला उचलायला सोपी गेली, हा विरोधाभास मला रोचक वाटतो.

पेटीवर काय वाजवावं, याचं उत्तर पन्नास वर्षांच्या मैफलींनी जवळजवळ देऊन टाकलं आहे. मध्य आणि द्रुत लयीतली बंदिश, ठुमरी, नाट्यपद, अभंग. विलंबित ख्याल हे तिचं सगळ्यात दुबळं घर. तिथे ती अजून भाडेकरूच आहे. नाट्यपद मात्र उसनं म्हणवतच नाही, कारण त्याच्या जन्मापासून ऑर्गन त्याच्या बाजूला होता आणि त्यातल्या तुटक, झगमगत्या तानांची घडण पट्ट्यांना मानवणारी आहे. आणि तबल्याच्या एकलवादनाला पेटी जो लेहरा धरते तो कोणत्याही गळ्याकडून आलेला नाही. तेच चार स्वर तासभर, लय केसभरही न हलवता. ते काम दुसऱ्या कोणाला इतकं साधत नाही आणि त्याला टाळीही मिळत नाही.

फुंकवाद्यांचं थोडक्यात सांगतो. पुण्यात प्रभात बँडसारखी पथकं गणपतीच्या मिरवणुकीत भक्तिगीतं आणि नाट्यपदं क्लॅरिनेट-ट्रम्पेटवर वाजवत आली. रस्त्यावरचं वाजवणं म्हणून समीक्षकांनी त्याकडे कधी पाहिलंच नाही, हा आपला करंटेपणा. सोलापूरच्या जाधव घराण्यानं सनईचं संगीत फूटभर लांबीच्या सुंदरीवर आणलं, म्हणजे मोठ्याकडून लहानाकडे, बासच्या अगदी उलट दिशेनं.

खर्जाकडे वळायचं तर आपल्याकडची सगळ्यात जवळची जोडी सतार आणि सुरबहारची. सांगतात असं की बीनकार, म्हणजे रुद्रवीणेचे वादक, आपली विद्या घराण्याबाहेर द्यायला तयार नसत, म्हणून बाहेरच्या शिष्यांसाठी मोठी, जाड तारांची सतार घडवली गेली आणि तिच्यावर रुद्रवीणेचा आलाप शिकवला. कथेत तथ्य किती ते सोडू. सुरबहारवर आलाप-जोड बीनचाच वाजतो हे ऐकून कळतं, आणि मुंबईत राहिलेल्या अन्नपूर्णादेवींनी (१९२७–२०१८) त्या आलापाला जे वजन दिलं त्यानंतर त्याला दुय्यम म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. खुद्द बीनही गळ्याची ऋणी. झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) धृपदियांच्या घरातले. गळ्याचा संथ आलाप बीनवर टिकावा म्हणून त्यांनी तिचे भोपळे मोठे करून घेतले आणि तारा जाड लावल्या. पनवेलजवळ पळस्प्याला त्यांचं गुरुकुल. त्यांच्या शिष्यांत मूळच्या अमेरिकन चेलोवादक नॅन्सी कुलकर्णी होत्या. त्यांनी हा आलाप जमिनीवर बसून चेलोवर आणला. गळ्याकडून बीनकडे, बीनकडून चेलोकडे, असं कर्ज तिसऱ्या हातात गेलं. आणि ते शोभतं, कारण धृपदाच्या आलापात शब्द आधीच नोम-तोमपर्यंत विरलेले असतात आणि तोडलेल्या तारेची आस जिथे संपते तिथून पुढे गज स्वर धरू शकतो. दिल्लीत स्थायिक झालेल्या डच चेलोवादक सास्किया राव-डी हास यांनी वेगळं केलं. त्यांच्या चेलोला पाच मुख्य तारा आणि खाली दहा तरफा आहेत. तो चेलो अर्धा सारंगीकडे सरकला आहे.

या सगळ्यात तोटा कोणाचा झाला? सारंगीचा. तिचं काम पेटीनं आणि व्हायोलिननं वाटून घेतलं. किशोरी आमोणकरांच्या साथीलाही मिलिंद रायकरांचं व्हायोलिन असे. रामनारायण (१९२७–२०२४) मुंबईत सारंगी घेऊन साथीतून उठले आणि एकलवादनाला बसले, तेव्हा त्यांनी कोणाकडून काही उसनं घेतलं नाही. गळ्याच्या मागे चालत शेकडो वर्षं जे साठलं होतं तेच पुढे ठेवलं. उसनवारीचा जमाखर्च मांडताना हा रकाना वगळू नये.

डबल बासकडे आज स्वतःचं पुष्कळ आहे. मायर स्वतः कॉन्चेर्टो लिहितो, झाकीर हुसेन आणि बेला फ्लेक यांच्याबरोबर त्यानं ‘द मेलडी ऑफ रिदम’ केलं, आणि राकेश चौरसियांची बासरी सोबत आलेला ‘ॲज वुई स्पीक’ २०२४ साली ग्रॅमी घेऊन गेला. या तबला-बासरीच्या संगतीत बासनं कोणाचंही उसनं वाजवलं नाही. आपल्या पेटीकडे मात्र तिच्यासाठीच रचलेल्या बंदिशी मोजक्याच. तरुण वादक हाताच्या वेगात आधीच्या पिढीच्या पुढे गेले आहेत, पण कार्यक्रमपत्रिका तीच: एक राग, एक ठुमरी, दोन नाट्यपदं. पेटीसाठी गती रचायचं काम कोणी गंभीरपणे अंगावर घ्यायला हवं. गायकांकडून ते होणार नाही, तबलावादकांकडून होईल अशी मला जास्त आशा आहे, कारण पेटीची लय त्यांनीच सगळ्यात जवळून ऐकली आहे.

कोणाला स्वतः कान लावून पडताळायचं असेल तर शूबर्टचा आर्पेजिओने सोनाटा आधी चेलोवर आणि मग बासवर ऐकावा. मूळ वाद्य कोणाच्याच आठवणीत नसल्यामुळे दोघांवरही अन्याय होत नाही. त्यानंतर फडक्यांचं एखादं गाणं त्यांच्या गळ्यातून आणि लगेच प्रभाकर जोगांच्या गजातून. शेवटी तोच प्रयोग घरातल्या एखाद्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलावर करावा, ज्यानं ते गाणं कधी ऐकलेलं नाही, आणि त्याला काय ऐकू आलं ते विचारावं.